कायद्याची पदवी आणि ट्रकचे स्टिअरिंग : योगिता रघुवंशी यांचे प्रकरण

भोपाळच्या योगिता रघुवंशी यांच्याविषयी गेल्या काही वर्षांत हिंदी आणि इंग्रजी वृत्तपत्रांत पुष्कळ छापून आले आहे. त्यातला बहुतेक मजकूर ‘बाई असून ट्रक चालवते’ या कौतुकापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. कौतुक रास्त आहे, परंतु त्याच्याआड या प्रकरणातला अधिक उपयोगी प्रश्न झाकला जातो. वाणिज्य आणि कायदा अशा दोन शाखांच्या पदव्या हाताशी असलेली व्यक्ती मालट्रक चालवण्याचा व्यवसाय पत्करते, त्यात वर्षानुवर्षे टिकते आणि त्याच उत्पन्नावर दोन मुले वाढवते, तेव्हा तो निर्णय निव्वळ नाइलाजाचा होता की त्यामागे हिशेब होता, आणि त्या हिशेबात पदवीचा वाटा नेमका कुठे येतो, हे येथे तपासले आहे. माझे मत असे की ड्रायव्हरच्या सीटवर पदवीला वेगळा भाव मिळत नाही, तो गाडीच्या मालकीत मिळतो. आणि रघुवंशी यांचा निर्णय फळला तो मालक आणि ड्रायव्हर या दोन्ही जागा एकाच व्यक्तीकडे आल्यामुळे.

पार्श्वभूमी

रघुवंशी यांचे बालपण नंदुरबारमध्ये गेले. लग्नानंतर त्या भोपाळला आल्या. वाणिज्याबरोबर कायद्याचीही पदवी त्यांच्याकडे होती आणि ब्यूटी पार्लरच्या कामाचे प्रशिक्षणही त्यांनी घेतले होते. पती पेशाने वकील होते. २००३ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा घरात एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन लहान मुले होती आणि घर चालवण्याची जबाबदारी एकट्या रघुवंशी यांच्यावर आली.

त्या वेळी त्यांच्यापुढे मार्ग नव्हते असे नाही. वकिली करता आली असती. परंतु वकिलीत नव्याने उतरणाऱ्याला ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागतात, त्या काळात हाती पडणारी रक्कम बहुधा जाण्यायेण्याच्या खर्चापुरती असते आणि स्वतःचे पक्षकार जमायला आणखी वेळ जातो. ज्याच्या घरी दुसरे कोणी कमावते आहे त्याला ही वाट परवडते. मुलांच्या शाळेची फी याच महिन्यात भरायची असेल, तर पाच-सात वर्षांनी मिळणारी प्रतिष्ठा कामाची नसते. रघुवंशी यांनी मुलाखतींत वकिली न करण्याचे हेच कारण दिले आहे, आणि ते कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयातील कनिष्ठ वकिलाला समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. पार्लरचे काम भांडवल कमी मागते, पण गिऱ्हाईक बांधून घ्यायला तिथेही वेळ लागतो.

तिसरा मार्ग होता मालवाहतुकीचा छोटा व्यवसाय, जो त्यांच्या हाती होता. या व्यवसायात पैसा फिरण्याची रीत वेगळी आहे. ट्रान्सपोर्टवाल्याकडे किंवा दलालाकडे भाडे ठरले की गाडी भरताना त्या भाड्याचा मोठा हिस्सा अ‍ॅडव्हान्स म्हणून हातात पडतो, त्यातून डिझेल, टोल आणि रस्त्यातला खर्च निघतो, आणि उरलेली बाकी माल उतरवून बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, पोच घेतली की मिळते. बाकी कधी आठवड्यात मिळते, कधी महिनाभर थकते, हे खरे. तरीही प्रत्येक खेपेला काही ना काही रोकड हाती येते. शिक्षित माणसाने ट्रकचा धंदा का पत्करला, याचे उत्तर शोधताना लोक स्वभाव, जिद्द आणि आवड यांच्याकडे वळतात. मला पहिले कारण रोकडीच्या या वेगात दिसते.

हैदराबादजवळचा अपघात

सुरुवातीला रघुवंशी यांनी स्वतः गाडी चालवण्याचा विचार केलेला नव्हता. पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर ठेवून, भाडे मिळवणे आणि हिशेब पाहणे एवढेच काम त्या करत होत्या. थोड्याच काळात हैदराबादजवळ एका गाडीला अपघात झाला आणि ड्रायव्हर गाडी तिथेच टाकून निघून गेला. त्यांना स्वतः तिकडे जावे लागले, मेकॅनिककडून गाडी दुरुस्त करून घ्यावी लागली आणि काही दिवसांनी ती भोपाळला परत आणावी लागली. तेवढे दिवस मुले घरी एकटी होती. या प्रवासानंतर त्यांनी ठरवले की गाडी आपणच चालवायची.

ड्रायव्हर पळून का जातो, हा प्रश्न इथे बाजूला टाकता येत नाही, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघातानंतर जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. पण जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणामुळे मदत पोहोचवणे शक्य नसेल, तर अपवाद त्याच कलमात लिहिलेला आहे. म्हणजे रस्त्यावर जमाव ड्रायव्हरला मारतो ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत देशभरातील ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम वगळूनच लागू झाले. ड्रायव्हरांची भीती खोटी नव्हती, असा याचा अर्थ मी घेतो. आणि पळणारा प्रत्येक ड्रायव्हर बेजबाबदार असतो, असा निष्कर्ष या प्रकरणातून काढणे योग्य होणार नाही.

मालकाच्या बाजूने मात्र परिणाम सारखाच होतो. गाडी पोलीस ठाण्यात किंवा रस्त्याच्या कडेला पडून राहते, आतला माल दुसऱ्याचा असतो, आणि गाडी जप्त झाली असेल तर ती न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, सोडवून घ्यावी लागते. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गेला तर ड्रायव्हरच्या चुकीसाठी मालकही जबाबदार धरला जातो, आणि ड्रायव्हरचा परवाना मुदतीत नव्हता असे निघाले तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एक-दोन गाड्यांच्या मालकाला असा एक खटला धंद्यातून उठवायला पुरेसा आहे.

मालकच ड्रायव्हर झाल्यावर

भारतातील बहुसंख्य ट्रक असे आहेत की ज्यांच्या मालकाकडे पाचांहून कमी गाड्या असतात. अशा मालकाची कमाई भाड्याच्या दरावर जितकी अवलंबून असते, तितकीच रस्त्यात काय गळते यावर अवलंबून असते. एक ढोबळ गणित मांडतो. भरलेला जड ट्रक लिटरला सुमारे चार किलोमीटर जातो असे धरले, तर आठशे किलोमीटरच्या खेपेला दोनशे लिटर डिझेल लागते, आणि लिटरला नव्वद रुपये धरले तर ते अठरा हजार रुपयांचे होते. यात लिटरमागे अर्ध्या किलोमीटरचा फरक पडला, म्हणजे गाडी चारऐवजी साडेतीननेच गेली, तर जवळजवळ एकोणतीस लिटर, म्हणजे अडीच हजारांहून अधिक रुपये एका खेपेत जातात. हा फरक चढणीवर चुकीच्या गिअरमध्ये गाडी ओढल्याने, टायरमध्ये हवा कमी असल्याने किंवा उभ्या गाडीचे इंजिन तासन् तास चालू ठेवल्याने पडतो; कधी तो टाकीतून काढून विकलेल्या डिझेलमुळेही पडतो. म्हणूनच अनेक मालक ड्रायव्हरला खेपेचा खर्च ठरवून देतात आणि वाचेल ते तुझे असे सांगतात. मग ड्रायव्हर डिझेल वाचवतो, पण टोल चुकवण्यासाठी आडवाटेने जातो किंवा वेळ भरून काढण्यासाठी रात्रभर गाडी हाकतो, आणि त्याची किंमत टायर, क्लच आणि अपघात यांच्या रूपाने मालकाकडे परत येते.

मालक स्वतः स्टिअरिंगवर बसला की ही सगळी गळती एकदम थांबते असे नाही, पण ती दिसू लागते. पगार आणि भत्ता घरातच राहतो. कोणत्या गोदामात गाडी दोन दिवस उभी ठेवली जाते, हॉल्टिंगचे, म्हणजे त्या खोळंब्याचे, पैसे कोण देतो आणि कोण टाळतो, परतीचे भाडे कोणत्या गावात मिळते आणि कुठून रिकामे यावे लागते, ही माहिती ड्रायव्हरकडे असते; कार्यालयात बसलेल्या मालकाकडे ती उशिरा आणि अर्धवट पोहोचते. परतीचे भाडे हा या धंद्याचा कणा आहे, कारण रिकाम्या गाडीलाही डिझेल आणि टोल लागतोच. रघुवंशी भोपाळहून दक्षिणेत केरळपर्यंत माल घेऊन जाऊ लागल्या, तेव्हा इतक्या लांबच्या खेपेचा नफा जाताना मिळणाऱ्या भाड्याइतकाच येताना मिळणाऱ्या भाड्यावर ठरणार हे उघड आहे. नंदुरबारला वाढलेल्या माणसाला मराठी, हिंदी आणि सीमेपलीकडची गुजराती अशा भाषा कानावरून गेलेल्या असतात. दलालाशी त्याच्या भाषेत बोलता येण्याचा अशा वेळी पदवीपेक्षा अधिक फायदा होतो, हेही नोंदवून ठेवायला हवे.

परवाना, क्लीनरगिरी आणि वय

जड वाहनाचा परवाना मिळवण्यासाठी भारतात पदवी कधीच लागली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याने किमान आठवी उत्तीर्ण असावे अशी अट होती. तीही २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. उरल्या त्या अटी अशा की वय वीस वर्षे पूर्ण असावे, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्र असावे. कागदावर हे सगळे काही महिन्यांत जमते.

ट्रक चालवणे मात्र कागदावर येत नाही. आपल्याकडे ती विद्या परंपरेने क्लीनरगिरीतून आली. मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी उस्तादाबरोबर गाडीवर चढतो, ताडपत्री बांधतो, रस्से आवळतो, मागे पाहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो, स्टेपनी बदलतो, आणि चार-पाच वर्षांनी रिकाम्या रस्त्यावर त्याच्या हाती स्टिअरिंग येते. पदवीधर या रांगेत उशिरा येतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो दाखल होतो तेव्हा त्याच्या वयाचा क्लीनर ड्रायव्हर झालेला असतो, आणि वयाने लहान उस्तादाचे ओरडणे खाऊन घेण्याची तयारी पदवीधरात क्वचितच असते. रघुवंशी तर त्याहूनही उशिरा, दोन मुलांच्या आई झाल्यावर आल्या. त्यांची एक जमेची बाजू अशी की ज्या गाडीवर हात बसवायचा ती कोणा परक्या शेठजीची नव्हती. शिकताना क्लच जळाला तर नुकसान स्वतःचे, पण कोणी हाकलूनही देणार नव्हते.

पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे आणि देशात इतरत्रही ड्रायव्हिंग प्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या आहेत, तेव्हा क्लीनरगिरीला पर्याय अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. तरीही भरलेली गाडी कसारा घाटातून खालच्या गिअरमध्ये, ब्रेक न तापवता कशी उतरवायची, हे शिकण्यासाठी भरलेली गाडी आणि घाट या दोन्हींचीच गरज पडते.

पदवी कुठे कामाला येते

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ट्रकमालक पगार ठरवताना ड्रायव्हरची पदवी विचारत नाही. तो वर्षे, मार्ग आणि अपघात विचारतो. पदवी असलेल्या आणि नसलेल्या ड्रायव्हरला त्याच मार्गावर सारखाच पगार आणि सारखाच भत्ता मिळतो. याउलट परमिट, फिटनेस, विमा, कर्जाचा हप्ता, मालाची बिल्टी आणि कराचे कागद या गोष्टी मालकाच्या असतात, आणि त्या सांभाळायला शिक्षण लागते किंवा शिकलेल्या माणसाला पैसे द्यावे लागतात.

गेल्या काही वर्षांत हे कागदी काम अधिक अवघड झाले आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमेवरील करनाके गेले, ही सोय मोठीच होती. पण १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे मालाबरोबर ठेवायचा ऑनलाइन काढलेला कागद, आले. आज त्याची मुदत प्रत्येक दोनशे किलोमीटरमागे एक दिवस अशी मोजली जाते, गाडी वाटेत बिघडली आणि मुदत उलटण्याची वेळ आली तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते, आणि तसे न झाल्यास गाडी मालासह अडकवून दंड लावला जाऊ शकतो. हा नियम ठाऊक असलेला ड्रायव्हर रस्त्यातूनच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून मुदत वाढवून घेतो. ठाऊक नसलेला ड्रायव्हर पुढच्या तपासणीत सापडतो आणि मग मालक रात्री वकील शोधत बसतो. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाल्यावर टोलचा हिशेबही खात्यात दिसू लागला, आणि चुकीचा टोल कापला गेला तर तक्रार नोंदवून पैसे परत मागणे हेही लिहिण्या-वाचण्याचे काम झाले.

थकलेली बाकी वसूल करणे हा तर कायद्याच्या पदवीधराचा हक्काचा प्रांत. छोट्या मालकाच्या बाकीच्या रकमा इतक्या लहान असतात की त्यांच्यासाठी दावा लावणे परवडत नाही, आणि त्या इतक्या ठिकाणी पसरलेल्या असतात की एकूण रक्कम लहान राहत नाही. अशा वेळी व्यवस्थित नोटीस स्वतः लिहिता येणे, धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली कोणत्या मुदतीत काय करायचे हे माहीत असणे, याला रोख किंमत आहे. भाड्याची चिठ्ठी फाडण्याआधी तिच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचणारा ट्रकवाला दुर्मीळच; पदवीने त्याला निदान एवढी सवय लावायला हरकत नाही.

या उदाहरणाच्या मर्यादा

रघुवंशी यांचे प्रकरण जसेच्या तसे दुसऱ्याला लागू करता येत नाही. पहिली गोष्ट, त्यांनी सुरुवात केली तेव्हा गाडी हाती होती. दुसरी, २०१३ मध्ये महिंद्रा कंपनीने त्यांना नवा ट्रक भेट दिला. अशी नवी गाडी म्हणजे कमी बिघाड, लिटरमागे अधिक किलोमीटर आणि हप्त्याचे ओझे नाही. लाखो रुपयांचे हे भांडवल कोणत्याही सामान्य पदवीधराला असे मिळणार नाही. तोवरची अनेक वर्षे त्यांनी स्वतःच्या बळावर काढली होती, म्हणून हा व्यवसाय भेटीवर चालला असे म्हणणे अन्याय होईल, पण हिशेब मांडताना ही भेट वजा करूनच मांडला पाहिजे.

कामाच्या तासांविषयी तर कायदा आणि रस्ता यांच्यात फार अंतर आहे. त्या काळात लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ नुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा होती आणि लांब पल्ल्यासाठी तीत थोडी वाढ करता येत असे. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता; मोटार वाहन अधिनियमाने त्यातली तासांची मर्यादा सर्व व्यापारी वाहनांना लावली, तरी विश्रांतिगृहे, उपाहारगृहे आणि रजा यांच्या तरतुदी एक-दोन गाड्यांच्या मालकांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. स्त्री ड्रायव्हरसाठी यात आंघोळ, स्वच्छतागृह आणि रात्री सुरक्षित ठिकाणी गाडी लावणे हे प्रश्न अधिक बिकट होतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती, आणि सध्या रस्त्यावर असलेल्या लाखो जुन्या गाड्यांना तिचा उपयोग नाही.

अमेरिकेशी तुलना केली तर फरक नेमका कुठे आहे ते दिसते. तिथे सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर अकरा तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही, डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांत हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदले जातात, आणि जड ट्रक चालवणाऱ्याचे मध्यम वार्षिक वेतन मे २०२४ मध्ये ५७,४४० डॉलर होते. हा आकडा तिथल्या पदवीधराला कर्ज फेडण्याच्या दृष्टीने विचारात घ्यावासा वाटतो, म्हणून तिथे पदवीनंतर ट्रकच्या परवान्याकडे वळणे विचित्र मानले जात नाही. तिथे पगारी ड्रायव्हर म्हणूनच पोट भरते, मालक होण्याची घाई नसते. आपल्याकडे पगारी ड्रायव्हर राहून पदवीधराच्या अपेक्षा पुऱ्या होत नाहीत, म्हणून मालकीची पायरी टाळता येत नाही.

तेव्हा ज्याच्याकडे गाडी नाही अशा पदवीधराचा रस्ता रघुवंशी यांच्या रस्त्याच्या उलट दिशेने जातो. त्या मालकीकडून स्टिअरिंगकडे आल्या. त्याला स्टिअरिंगकडून मालकीकडे जावे लागेल. मधल्या पगारी वर्षांत त्याची पदवी कोणी विचारणार नाही, आणि पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला फायनान्सवाले व्याजही चढे लावतात. त्या वर्षांत त्याने दुसऱ्याच्या गाडीवर असताना मार्गवार वही ठेवली, डिझेल किती लागले, टोल किती गेला, कोणत्या गोदामात किती तास खोळंबा झाला आणि परतीचे भाडे कुठून मिळाले याची नोंद केली, तर कर्जाचा अर्ज भरताना नवी गाडी घ्यावी की चार-पाच वर्षे चाललेली जुनी, आणि ती कोणत्या मार्गावर लावावी, याचे उत्तर त्याला त्या वहीतून देता येईल.